परवान्यानंतरचे पहिले वर्ष : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील नवा हौशी रेडिओचालक

गोषवारा

हौशी रेडिओचा परवाना परीक्षेने मिळतो. केंद्र चालविण्याचे कौशल्य मात्र त्यानंतरच्या सरावाने येते. या दोहोंमधील अंतर पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे व चाकण या औद्योगिक पट्ट्यात अधिक जाणवते. विद्युत गोंगाट, उंच इमारतींची दाटी आणि गच्चीच्या वापरावरील मर्यादा ही त्याची प्रमुख कारणे होत. प्रस्तुत लेखात परवान्याची चौकट, केंद्राची उभारणी, श्रवणाचा सराव, संवादाची शिस्त व आपत्कालीन उपयोग यांचे विवेचन केले असून, नव्या चालकास आधार देण्याच्या कामी महाविद्यालये काय करू शकतात, याचा विचार मांडला आहे.

बीजसंज्ञा : हौशी रेडिओ, परवाना, विद्युत गोंगाट, अँटेना, आपत्ती संदेशवहन, महाविद्यालयीन रेडिओ क्लब.

१. प्रस्तावना

३० जुलै २०१४ रोजी पहाटे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर डोंगरकडा कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे त्याखाली गाडली गेली. या घटनेची वार्ता बाहेर पोहोचली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या राज्य परिवहन मंडळाच्या बसचालकामुळे. गाव जागेवर नसल्याचे त्याच्या लक्षात आले आणि त्याने ते कळविले. देशातील एका प्रमुख औद्योगिक पट्ट्यापासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या गावाची ही स्थिती होती. त्या दिवशी तेथे एखादे हौशी रेडिओ केंद्र असते तर काय झाले असते, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही. परंतु संदेशवहनाची साखळी किती बारीक धाग्यावर उभी असते, हे या घटनेने दाखवून दिले.

हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ, ही आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता स्वशिक्षण, परस्पर संपर्क व तांत्रिक प्रयोग यांसाठी चालविली जाणारी आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त रेडिओ सेवा आहे. तिला मनोरा, केबल वा मध्यवर्ती केंद्र यांची गरज नसते. दोन प्रशिक्षित माणसे, दोन संच व दोन अँटेना एवढ्यावर संपर्क होऊ शकतो. यातील ‘प्रशिक्षित’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घेतलेले, पण पहिल्या काही महिन्यांतील निराशेनंतर संच कपाटात ठेवून दिलेले चालक आपत्तीच्या वेळी कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. म्हणूनच परवान्यानंतरचे पहिले वर्ष हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात हौशी रेडिओचा आरंभ १९२० च्या दशकात झाला. दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द करण्यात आले. असा परवाना गमावलेल्या नरिमन प्रिंटर यांचे तांत्रिक साहाय्य मुंबईतील ‘काँग्रेस रेडिओ’स लाभले. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्ट १९४२ रोजी सुरू केलेले हे भूमिगत केंद्र ४२.३४ मीटर तरंगलांबीवर बोलत असे आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते पकडेपर्यंत जागा बदलत चालू राहिले. ही तरंगलांबी वारंवारतेत मांडली असता ती सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ येते. आज भारतातील हौशी चालकांना दिलेल्या ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातच ती बसते. आजचा नवा चालक दिवसा नागपूर वा कोल्हापूरशी ज्या पट्ट्यावर बोलतो, त्याच पट्ट्याने स्वातंत्र्यलढ्यातही काम केले आहे.

स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी महू येथे ‘अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’ स्थापन झाला. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक चमू दूरसंपर्काच्या प्रयोगासाठी अंदमानात होता. २६ डिसेंबरच्या त्सुनामीनंतर त्याच संचांवरून मुख्य भूमीशी संदेशांची देवाणघेवाण झाली. प्रयोगासाठी उभारलेले केंद्र काही क्षणांत आपत्कालीन केंद्र होऊ शकले, कारण ते आधीच चालू होते व चालविणारे सरावलेले होते.

३. परवाना : काय देतो व काय देत नाही

भारतातील परवान्याची चौकट १९७८ च्या हौशी सेवाविषयक नियमांनी घालून दिली. दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेकडे हे काम असते. किमान वय १२ वर्षे असून रेडिओचे तत्त्व व व्यवहार आणि रेडिओविषयक नियम या दोन भागांत लेखी परीक्षा घेतली जाते. मर्यादित श्रेणीसाठी मोर्स संकेतांची अट नसते. सर्वसाधारण श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्द या वेगाने मोर्स घेण्याची व पाठविण्याची चाचणी ठेवण्यात आली. कॉलसाइनचा आरंभ सर्वसाधारण श्रेणीत ‘व्हीयू२’ आणि मर्यादित श्रेणीत ‘व्हीयू३’ असा होतो. दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत झाल्यानंतर या क्षेत्रातील नियमांची फेररचना हाती घेण्यात आली आहे. त्यामुळे शुल्क, वारंवारता व शक्तिमर्यादा यांसाठी जुन्या पुस्तकांवर न विसंबता शाखेची अद्ययावत सूचना व स्वतःच्या परवान्यासोबतचे परिशिष्ट पाहणे इष्ट होय.

परवान्यासोबत काही बंधनेही येतात. व्यापारी संभाषण, संगीत व गुप्त सांकेतिक भाषा यांना मनाई असते. एरवी तिऱ्हाइताचा निरोप पोहोचविता येत नाही. आपत्तीच्या प्रसंगी त्यास मुभा मिळते. औद्योगिक पट्ट्यात येथे एक गैरसमज आढळतो. कारखान्याच्या प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षकाच्या हातातील वॉकीटॉकी आणि हौशी चालकाचा हातसंच दिसायला सारखेच असतात. परंतु कारखान्याच्या संचाची परवानगी व वारंवारता वेगळी असते. हौशी परवान्यावर कारखान्याचे काम करता येत नाही आणि कारखान्याचा संच हौशी पट्ट्यात वापरता येत नाही. संच घेताना तो आवश्यक मान्यता असलेला आहे का, हेही पाहावे लागते. ऑनलाइन बाजारातील वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीस आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

४. या पट्ट्यातील मुख्य अडचण : विद्युत गोंगाट

नवा चालक संच सुरू करतो आणि त्याला बहुधा माणसांच्या आवाजाऐवजी अखंड खरखर ऐकू येते. संच नादुरुस्त आहे किंवा पट्टा ओस पडला आहे, असा त्याचा समज होतो. बहुतांश वेळा दोन्ही खरे नसते. मोटारींचा वेग नियंत्रित करणारे ड्राइव्ह, वेल्डिंग यंत्रे, स्विचिंग प्रकारचे वीजपुरवठे, एलईडी दिवे, इमारतीची लिफ्ट आणि सौर इन्व्हर्टर यांतून रेडिओ वारंवारतेची ऊर्जा बाहेर पडत असते. हौशी चालकांच्या परिभाषेत अशा मानवनिर्मित व्यत्ययास ‘क्यूआरएम’ व विजांसारख्या नैसर्गिक व्यत्ययास ‘क्यूआरएन’ म्हणतात.

या गोंगाटाचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. संचावरील ‘एस’ मापकाचा एक अंश साधारणतः ६ डेसिबेल मानला जातो. गोंगाट ७ अंशांवरून ३ अंशांवर आणला, तर २४ डेसिबेलचा फरक पडतो. म्हणजे गोंगाटाची शक्ती सुमारे अडीचशे पटींनी घटते. उलटपक्षी प्रेषकाची शक्ती १०० वॉटवरून ४०० वॉटवर नेली, तरी लाभ ६ डेसिबेलचा, म्हणजे केवळ एका अंशाचा होतो. आणि तोही समोरच्याला. अधिक शक्तीचा संच घेऊन आपल्याला त्याचे बोलणे अधिक स्पष्ट ऐकू येत नाही. या पट्ट्यातील नव्या चालकाने पहिला खर्च व पहिले श्रम गोंगाट कमी करण्यावर करावेत, ही गोष्ट या साध्या हिशेबातून स्पष्ट होते.

गोंगाटाचा शोध क्रमाने घ्यावा लागतो. प्रथम संच बॅटरीवर चालवून घराचा मुख्य स्विच बंद करावा. खरखर घटली तर तिचा उगम घरातच आहे. मग एकेक उपकरण सुरू करून दोषी उपकरण ओळखता येते. खरखर कायम राहिली, तर फेराइट दांड्याचा अँटेना असलेला छोटा रेडिओ फिरवून आवाज कोणत्या दिशेला किमान होतो ते पाहावे; दोन ठिकाणांहून घेतलेल्या दिशा जेथे छेदतात, त्या परिसरात उगम असण्याचा संभव अधिक. आठवडाभर दर तासाची मापक-नोंद ठेवल्यास पाळ्यांचे वेळापत्रकही आलेखात दिसू शकते. ज्या औद्योगिक भागांत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, तेथे गुरुवार व अन्य दिवस यांची तुलना हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम व जवळजवळ बिनखर्चाचा प्रकल्प ठरेल.

या प्रश्नाला व्यापक संदर्भही आहे. वाहनांतून होणाऱ्या विद्युतचुंबकीय उत्सर्जनावर मर्यादा घालणारी मानके वाहन उद्योगास पाळावी लागतात. चाकणहून नाशिकच्या दिशेने गेल्यास नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे आणि विश्वातील अतिक्षीण संकेत टिपणाऱ्या या दुर्बिणीलाही मानवनिर्मित गोंगाटाशी झगडावे लागते. कारखान्यातील अभियंता, खोडदचा खगोलशास्त्रज्ञ आणि निगडीतील गच्चीवरचा हौशी चालक हे तिघेही एकाच भौतिक प्रश्नाला तीन बाजूंनी भिडत असतात.

५. पहिले केंद्र व पहिला अँटेना

आरंभासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्याचा हातसंच सोयीचा असतो. या वारंवारतेच्या लहरी बव्हंशी दृष्टिरेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळास ४.१२ ने गुणले असता रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दीड मीटर उंचीवर हातसंच धरलेल्या दोन माणसांसाठी ही अंतरे मिळून सुमारे १० किलोमीटर होतात. प्रत्यक्षात मधल्या इमारती ती बरीच घटवितात. दोन्ही अँटेना २० मीटर उंच गच्चीवर गेल्यास हेच अंतर ३६ किलोमीटरच्या पुढे जाते व निगडी-चाकण संपर्क आवाक्यात येतो. त्याहून दूर जाण्यासाठी उंचावरील रिपीटरचा उपयोग होतो. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच वेळी दुसरीवर पुनःप्रक्षेपण करतो. या पट्ट्यात दोहोंत साधारणतः ६०० किलोहर्ट्‌झचे अंतर असते. अनेक रिपीटरांना ठरावीक मंद स्वराचीही गरज असते. हा स्वर संचात न बसविल्यामुळे उत्तर न मिळणे, ही नवख्याची नेहमीची अडचण आहे.

संच आणि अँटेना यांमधील केबल हा दुर्लक्षित घटक होय. आरजी-५८ प्रकारच्या १५ मीटर केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्‌झला सुमारे निम्मी शक्ती उष्णतेत जाते. जाड आरजी-२१३ केबलमधून तेवढ्याच अंतरात जवळपास तीन-चतुर्थांश शक्ती पोहोचते. महाग संच व स्वस्त केबल ही जोडी म्हणूनच तोट्याची.

७ मेगाहर्ट्‌झसाठी अर्धतरंग डायपोल घरी करता येतो. १४३ ला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले असता एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ती सुमारे २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस १० मीटरहून किंचित अधिक येते. मध्यभाग पाण्याच्या टाकीजवळील खांबावर बांधून दोन्ही टोके उतरती सोडल्यास मध्यम आकाराची गच्ची पुरू शकते. तार आरंभी थोडी लांब ठेवून मग मोजून छाटावी. स्थायी तरंग गुणोत्तर २ असताना सुमारे ११ टक्के शक्ती परावर्तित होते, ते १.५ च्या आत आल्यावर आणखी छाटत बसण्याचे कारण उरत नाही.

तंत्राइतकाच शेजारधर्मही सांभाळावा लागतो. गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीस परवान्याची प्रत, अँटेनाचे रेखाचित्र व जबाबदारीचे पत्र देऊन लेखी संमती घ्यावी. अँटेना पडला तरी उच्चदाबाच्या वीजतारांना स्पर्शणार नाही, हे अंतर आधीच मोजलेले असावे. वैशाखातील वळिवाच्या दिवसांत विजा चमकू लागताच केबल संचातून काढून घराबाहेर ठेवणे ही सवय पहिल्या दिवसापासून लागावी.

६. आधी श्रवण, मग संवाद

पहिले काही आठवडे ऐकण्यासाठी राखून ठेवणे श्रेयस्कर असते. दिवसा ७ मेगाहर्ट्‌झवर महाराष्ट्र व शेजारची राज्ये ऐकू येतात. सूर्यास्तानंतर आयनांबराचा खालचा थर विरतो व दूरची केंद्रे उमटू लागतात. २१ व २८ मेगाहर्ट्‌झचे पट्टे सौर डागांच्या चक्रानुसार खुलतात व मिटतात. हे सारे पुस्तकात वाचता येते, परंतु कानाला त्याची ओळख नोंदवहीनेच होते. नोंदवहीत वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून लिहितात. त्यामुळे पहाटे ४ वाजता झालेला संपर्क आदल्या दिवशीच्या २२.३० ला नोंदवावा लागतो. ही तारखेची चूक नवख्यांच्या वहीत हमखास आढळते.

बोलण्यापूर्वी वारंवारता मोकळी आहे का, हे विचारण्याची प्रथा आहे. कॉलसाइन ‘व्हिक्टर, युनिफॉर्म’ अशा आंतरराष्ट्रीय अक्षरशब्दांत सावकाश उच्चारावी व थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा सांगावी. रिपीटरवर प्रत्येक बोलण्यानंतर क्षणभर थांबावे, म्हणजे निकडीचा निरोप असलेल्यास वाट मिळते. संकेताचा दर्जा कळविताना पहिला अंक १ ते ५ मध्ये स्पष्टता व दुसरा १ ते ९ मध्ये तीव्रता सांगतो. सर्वांना सरसकट ‘पाच-नऊ’ देण्याचा शिष्टाचार पडला आहे. पण गोंगाटग्रस्त भागात समोरच्याला खरा अंक कळणे हेच त्याच्या केंद्राच्या सुधारणेचे साधन असते.

मराठीत बोलताना अंकांची विशेष काळजी घ्यावी लागते. ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’, ‘सदतीस’ व ‘सदुसष्ट’ हे शब्द खरखरीत सहज मिसळतात. म्हणून ‘तीन-सात’, ‘सहा-सात’ असे अंक सुटे सांगण्याची शिस्त रूढ व्हावी. जखमींची संख्या कळविताना या शिस्तीचे मोल कळते.

ज्यांच्या जागी गोंगाट अजिबात हटत नाही, त्यांच्यासाठी संगणकीय पद्धती उपलब्ध आहेत. २०१७ मध्ये प्रचारात आलेली ‘एफटी८’ ही पद्धत १५ सेकंदांच्या टप्प्यांत लहान संदेश पाठविते आणि कानाला न जाणवणारे क्षीण संकेतही वाचते. तिच्या दोन जनकांपैकी जोसेफ टेलर हे १९९३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळविणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ असून स्वतः हौशी चालक आहेत. मात्र एफटी८ संपर्कांची संख्या वाढविते, संवादाचे कौशल्य नव्हे, याचे भान असावे.

७. आपत्तीसाठी सिद्धता

आपत्तीत उपयोगी पडण्यासाठी तीन गोष्टी लागतात : वीज, संदेशलेखन व जाळ्याची शिस्त. १०० वॉटचा संच ऐकताना साधारण १ अँपिअर व बोलताना सुमारे २० अँपिअर प्रवाह घेतो. दहा टक्के वेळ बोलणे धरल्यास सरासरी ३ अँपिअरच्या जवळ येते. ४२ अँपिअर-तासांची मोटारीची बॅटरी कागदावर सुमारे १४ तास पुरते. ती पूर्ण रिकामी करणे हितावह नसल्याने प्रत्यक्षात निम्मा काळच हिशेबात धरावा. संदेश थोडक्यात लिहून मगच वाचावा. कोणाकडून, कोणास, कोठून, किती वाजता आणि काय हवे, एवढ्या बाबी त्यात असाव्यात. घेणाऱ्याने तो परत वाचून दाखवावा. जाळ्यात एकच नियंत्रक केंद्र असते व त्याच्या परवानगीविना कोणी बोलत नाही.

या सिद्धतेसाठी सरावाचे क्षेत्र याच परिसरात आहे. देहू व आळंदी येथून निघणाऱ्या पालख्या दरवर्षी याच परिसरातून मार्गस्थ होतात आणि तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीस होतो. प्रशासनाच्या अनुमतीने व नियमांच्या मर्यादेत, वाटेवरील केंद्रांची आपापसांतील संपर्क-चाचणी घेण्यास याहून योग्य प्रसंग नाही. गर्दीत मोबाईल सेवेवर ताण येतो, केंद्रे बॅटरीवर चालवावी लागतात व चालकास तासन्‌तास सावध राहावे लागते.

८. महाविद्यालयांची भूमिका

नवा चालक हौस सोडतो तो बहुधा तांत्रिक कारणाने नव्हे, तर एकटेपणाने. विचारायला कोणी नसते, मोजायला साधन नसते व गच्ची मिळत नाही. महाविद्यालयाकडे गच्ची, मोजमापाची साधने, पदार्थविज्ञान व इलेक्ट्रॉनिक्सचे अध्यापक आणि दरवर्षी नवी मुले, हे सर्व एकत्र असते. परवानाधारक अध्यापकाच्या जबाबदारीवर संस्थेच्या नावे क्लब केंद्र मिळविण्याची वाट खुली असते. त्यातून काय साध्य होते, याचे उदाहरण दूर नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला, एक किलोग्रॅमहून कमी वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ द्वारे अवकाशात गेला. हौशी पट्ट्यावर संदेश एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचविणे हे त्याचे उद्दिष्ट होते.

असे केंद्र केवळ विज्ञान शाखेचे राहण्याचे कारण नाही. गोंगाटाचे नकाशे भूगोल विभागाने करावेत, नोंदींचे विश्लेषण संख्याशास्त्राने, आपत्तीची आखणी राष्ट्रीय सेवा योजनेने, तर थोडक्या शब्दांत निःसंदिग्ध मराठी संदेश लिहिण्याचा पाठ भाषा विभागाने द्यावा. आठवड्यातून एका ठरलेल्या सायंकाळी केंद्र सुरू राहिले आणि परिसरातील प्रत्येक नव्या चालकाच्या पहिल्या हाकेला तेथून उत्तर मिळाले, तरी कार्याचा मोठा भाग साधेल.

९. समारोप

परवाना हे हौशी रेडिओच्या अध्ययनाचे प्रवेशपत्र आहे. औद्योगिक पट्ट्यात हे अध्ययन कठीण होते, परंतु तेथील अडचणीच त्याचा अभ्यासक्रमही पुरवितात. गोंगाट मोजताना भौतिकी शिकता येते, गच्चीसाठी अर्ज करताना नागरी व्यवहार शिकता येतो आणि खरखरीतून एखादा क्षीण आवाज वेगळा काढताना संयम अंगी बाणतो. सह्याद्रीच्या कुशीतील गावे पावसाळ्यात ज्या भयाने रात्री काढतात, ते पाहता हे शिक्षण केवळ छंदापुरते मर्यादित राहू नये. बसचालक येईपर्यंत कोणाला वाट पाहावी लागू नये, एवढे उद्दिष्टही एका महाविद्यालयीन केंद्रासाठी पुरेसे आहे.